फिलाडेल्फियाचा कार्पेंटर्स हॉल : पहिली काँग्रेस सुतारांच्या जागेत का भरली?

काठावरची

फिलाडेल्फियाला येणारे आपले बहुतेक पाहुणे लिबर्टी बेलसमोर फोटो काढतात, इंडिपेन्डन्स हॉलच्या रांगेत उभे राहतात आणि चीजस्टेक खाऊन परततात. तिथून चेस्टनट स्ट्रीटने पूर्वेकडे थोडं चाललं की तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्यांच्या मध्ये, रहदारीपासून जरा आत, लाल विटांची एक दुमजली इमारत लागते. तिच्याकडे फार थोडे लोक वळतात. मी न्यूजर्सीत राहते, आल्यागेल्याला हौसेने फिरवते, आणि मला त्या सगळ्या परिसरात हीच इमारत सर्वांत महत्त्वाची वाटते.

कार्पेंटर्स कंपनी ही तिथल्या बांधकाम करणाऱ्या उस्तादांची संस्था १७२४ मध्ये स्थापन झाली. नमुना लंडनच्या कार्पेंटर्स कंपनीचा, जिला १४७७ मध्ये राजसनद मिळाली होती. सभासदांनी १७६८ मध्ये जागा घेतली, १७७० मध्ये काम सुरू केलं आणि जानेवारी १७७१ मध्ये अर्धवट इमारतीतच पहिली बैठक घेतली. काम पुरं व्हायला १७७४ उजाडलं. आराखडा त्यांच्याच एका सभासदाचा, स्कॉटलंडहून आलेल्या रॉबर्ट स्मिथचा. ५० फुटी चौरस घ्या, चारही कोपऱ्यांतून १०-१० फूट काढून टाका, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा जो आकार उरतो, तो हा हॉल.

याच हॉलमध्ये ५ सप्टेंबर ते २६ ऑक्टोबर १७७४ या काळात पहिली कॉन्टिनेन्टल काँग्रेस, म्हणजे अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरली. १३ पैकी १२ वसाहतींचे ५६ प्रतिनिधी आले होते. जॉर्जियाचं कुणी नव्हतं.

मला दोन गोष्टींवर चर्चा हवी आहे. एक, चालत काही मिनिटांवर स्टेट हाउस (आजचा इंडिपेन्डन्स हॉल) असताना ही मंडळी सुतारांकडे का गेली? दोन, कारागिरांनी आपल्या पैशाने बांधलेली आणि आजही त्यांच्याच संस्थेच्या मालकीची अशी जागा आपल्याकडे आहे का?

टिंबटिंब

वाचनखूण साठवली. सावकाश येतो.

पोटमाळा

मस्त धागा, ताई. आईबाबांना घेऊन गेलो होतो तिथे. खालच्या दालनात काँग्रेसच्या वेळच्या काही विंडसर खुर्च्या ठेवल्या आहेत, आणि हॉल कसा बांधला गेला ते दाखवणारी छोटी प्रतिकृती आहे. बाबा त्या प्रतिकृतीपुढून हलेचनात. पायाखालच्या नक्षीच्या फरशा मात्र एकोणिसाव्या शतकातल्या, त्या १७७४ च्या समजू नका.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर वरच्या मजल्यावर आहे. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी १७३१ मध्ये सुरू केलेलं वर्गणीचं ग्रंथालय, लायब्ररी कंपनी, १७७३ पासून १७९० पर्यंत तिथे भाड्याने होतं. जॉन अ‍ॅडम्सने डायरीत लिहून ठेवलंय की सगळे प्रतिनिधी सकाळी सिटी टॅव्हर्नमध्ये जमले, तिथून चालत हॉल पाहायला गेले, आणि वर उत्तम ग्रंथालय आहे. कायदा, इतिहास, राज्यकारभार यांवरची पुस्तकं जिन्याच्या वर. वादविवाद करायला बसलेल्या वकिलांना आणखी काय हवं?

त्या ग्रंथालयाकडे तेव्हा इजिप्तच्या एका ममीचा हातही होता. चित्रकार बेंजामिन वेस्टने पाठवलेला.

टिंबटिंब

ठरावाला हात वर करायला एखादा कमी पडला तर सोय होती म्हणजे :)

गुण्या

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकी आहे, त्यामुळे राहवत नाही.

या कंपनीतले लोक खुर्च्या-पाट करणारे नव्हते. घराचा आराखडा काढणं, लाकूड आणणं, गवंडी-लोहार जमवणं, छताच्या कैच्या चढवणं, सगळं एकाच उस्तादाच्या अंगावर. आर्किटेक्ट आणि कंत्राटदार हे दोन वेगळे धंदे व्हायच्या आधीचा हा काळ. आपल्याकडे जुने वाडे उभे करणारे कारागीर आठवा, त्यांच्याही हाताखाली अशीच माणसं असायची.

कंपनीचं खरं काम होतं मोजमाप. घर बांधून झालं की कंपनीने नेमलेले मोजणीदार जागेवर जायचे, काम मोजायचे आणि ठरलेल्या दराने त्याचं मोल काढायचे. जमिनीच्या फळ्या, छत असली कामं ते १० फूट बाय १० फूट अशा चौकटीवर मोजत. म्हणजे १०० चौरस फूट. स्लॅबचा ब्रास मोजणाऱ्या आपल्या मिस्त्रीला हे एका मिनिटात कळेल! १७८६ मध्ये त्यांनी दरांचं पुस्तक छापलं. आतमध्ये नकाशे, जोडकामाच्या आकृत्या आणि मोजणीचे नियम. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची ज्यांनी हाताळली आहे त्यांना याचं मोल सांगायला नको.

रोखठोक

गुण्याभाऊ, पुस्तक छापलं हे खरं, पण ते सभासदांपुरतं होतं हे तुम्ही लिहिलं नाहीत. बाहेरच्याला दाखवायची बंदी होती. सभासद वारला की प्रत कंपनीकडे परत द्यायची. ज्याच्या घराचं काम चाललंय त्याला दर कशावरून लावले ते कळू द्यायचं नाही, याला मी तरी कंत्राटदारांची एकजूट म्हणेन.

आणि 'सुतारांची जागा' म्हणताना जरा थांबूया. सभासद होते मालक-उस्ताद. रोजावर रंधा मारणारा माणूस त्या हॉलचा सभासद नव्हता. मे १७९१ मध्ये फिलाडेल्फियाच्या रोजंदारी सुतारांनी संप केला. मागणी काय, तर सकाळी सहा ते संध्याकाळी सहा काम आणि त्यात जेवणखाणाचे दोन तास, म्हणजे दहा तासांचा दिवस. तोवर उन्हाळ्यात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबवून घेत आणि हिवाळ्यात दिवस लहान झाला की नगावर पैसे देत. हा संप होता याच उस्तादांविरुद्ध. अमेरिकेतल्या बांधकाम मजुरांच्या अगदी पहिल्या संपांपैकी एक. तो फसला.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीने १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. वेळेसाठीचा झगडा सगळीकडे सारखाच आहे, आणि त्यात कार्पेंटर्स कंपनी कुठल्या बाजूला होती हे धाग्यात नोंदलं जायला हवं.

शिसवी

रोखठोक यांना +१. हॉलमध्ये गेलो तेव्हा संपाबद्दल काही कानावर आलं नव्हतं. फार मोलाची भर.

गुण्या

रोखठोक, संपाचं तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. माझे आजोबा रोजावरच काम करत आणि दिवस किती तासांचा हे मुकादम ठरवायचा.

पण मोजणीच्या पद्धतीत गिऱ्हाइकाचाही फायदा होता. काम करणारा स्वतः बिल लावत नसे, तिऱ्हाईत जाणकार येऊन मोजायचे. भांडण कोर्टात न जाता मिटायचं. सभासद अपघातात सापडला किंवा वारला तर त्याला, त्याच्या विधवेला आणि मुलांना मदत करणं हाही कंपनीच्या स्थापनेमागचा उद्देश होता. विमा नसलेल्या काळात छतावर चढणाऱ्या माणसाला हा आधार किती मोठा असेल!

आणि १७८८ ची मिरवणूक विसरू नका. राज्यघटना मंजूर झाल्याच्या आनंदात ४ जुलैला फिलाडेल्फियात प्रचंड मिरवणूक निघाली. त्यात सुतारांनी १३ खांबांवर घुमट असलेला एक मंडप बांधून गाड्यावर चढवला होता आणि दहा पांढरे घोडे तो ओढत होते. दहा खांब पुरे, तीन मुद्दाम अपुरे ठेवलेले, कारण तोवर दहाच राज्यांनी घटना स्वीकारली होती. मागून शेकडो सुतार चालत होते. राजकारण लाकडात मांडून दाखवणं यालाच म्हणतात.

चहाबाज

चहा राहिलाच की! या काँग्रेसच्या मुळाशी ईस्ट इंडिया कंपनीचा चहा आहे. बॉस्टनला चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्याचा किस्सा सगळ्यांना पाठ असतो, पण फिलाडेल्फियाचाही आहे. डिसेंबर १७७३ मध्ये 'पॉली' नावाचं जहाज चहाच्या पेट्या घेऊन डेलावेअर नदीत शिरलं. गावकऱ्यांनी कप्तान एअर्सला गावात आणलं, स्टेट हाउसपाशी हजारोंची सभा भरवली आणि माल न उतरवता परत जायला सांगितलं. तो मुकाट्याने गेला. एक पेटीही पाण्यात पडली नाही. चहाप्रेमी म्हणून मला फिलाडेल्फियाची पद्धत जास्त पसंत आहे :)

(चहा चिनी होता, आसामचा नव्हे. आसामच्या चहाला अजून अर्धं शतक अवकाश होता.)

पेठकर

त्याच ईस्ट इंडिया कंपनीशी आपली गाठ कशी पडत होती ते त्याच वर्षांत पाहा. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म, बारभाईंचा कारभार. मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांचा इंग्रजांशी सुरतेचा तह. फिलाडेल्फियात इंग्रज मालावर बहिष्काराचा ठराव होतो आणि पाचच महिन्यांत इकडे राघोबादादा इंग्रजांची फौज मागून घेतात.

अजून एक धागा जुळतो. सप्टेंबर १७७७ मध्ये ब्रिटिश फौज फिलाडेल्फियात शिरली तेव्हा तिच्या पुढच्या तुकडीचा म्होरक्या होता लॉर्ड कॉर्नवॉलिस. त्या ताब्याच्या काळात कार्पेंटर्स हॉलचं इस्पितळ झालं. हाच कॉर्नवॉलिस १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेला, पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या बरोबरीने उभा होता. १८०५ मध्ये गाझीपूरला वारला.

टिंबटिंब

धागा कुठलाही असो, पेठकर त्याला दहाव्या प्रतिसादापर्यंत शनिवारवाड्यात आणतातच. पण या वेळी रस्ता खरंच छान सापडलाय.

पोटमाळा

पेठकरांनी बहिष्काराचा उल्लेख केला म्हणून लिहितो. काँग्रेसचं सर्वांत ठोस काम तेच होतं. २० ऑक्टोबर १७७४ चा करार, कॉन्टिनेन्टल असोसिएशन. १ डिसेंबरपासून ब्रिटिश माल आणायचा नाही, गुलामांचा व्यापार त्याच दिवसापासून बंद, तक्रारी दूर झाल्या नाहीत तर पुढच्या सप्टेंबरपासून आपला मालही पाठवायचा नाही. देखरेखीला प्रत्येक परगण्यात आणि गावात निवडलेली समिती. कोण करार मोडतो त्याचं नाव छापून जाहीर करायचं. टिळकांच्या चतुःसूत्रीतले स्वदेशी आणि बहिष्कार ज्यांनी वाचलेत त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

मला या समित्या फार महत्त्वाच्या वाटतात. ठराव हॉलमध्ये झाला, पण तो गावोगाव अमलात आणणाऱ्या समित्यांतूनच पुढे कारभाराची सवय लागली.

डेलावेअरकाठी

काँग्रेस गेल्यावरही त्या इमारतीने खूप पाहिलं. डिसेंबर १७७५ मध्ये बोनव्हुलुआर नावाचा फ्रेंच सरकारचा गुप्त दूत व्यापारी म्हणून गावात आला आणि त्याच्या फ्रँकलिन व दुसऱ्या काँग्रेसच्या गुप्त पत्रव्यवहार समितीशी याच हॉलमध्ये भेटी झाल्या. समितीचे लोक अंधार पडल्यावर वेगवेगळ्या वाटांनी यायचे. दुभाषा कोण, तर वरच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल फ्रान्सिस डेमन. फ्रान्सशी तह व्हायला १७७८ उजाडलं, पण बोलणी इथून सुरू झाली. जून १७७६ मध्ये पेनसिल्व्हेनियाची प्रांतिक परिषद इथेच भरली आणि तिने प्रांत ब्रिटनपासून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं.

पण माझा सगळ्यात आवडता किस्सा दरोड्याचा. १७९१ पासून सहा वर्षं फर्स्ट बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स इथे भाडेकरू होती. ती स्वतःच्या इमारतीत गेल्यावर बँक ऑफ पेनसिल्व्हेनिया आली. ऑगस्ट १७९८ च्या अखेरीस एका रात्री तिजोरीतून १,६२,८२१ डॉलर नाहीसे झाले. कुलूप फोडलेलं नाही, दार तोडलेलं नाही. संशय आला पॅट लायन या लोहारावर, कारण तिजोरीच्या दारांचं काम त्याने केलं होतं. गावात पीतज्वराची साथ होती आणि लायन साथीला भिऊन डेलावेअरमधल्या लुईसला निघून गेला होता. आपल्यावर आळ आलाय कळल्यावर तो आपणहून परत आला. त्याला वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात टाकलं. सुमारे तीन महिने.

खरा चोर आयझॅक डेव्हिस. त्याचा साथीदार कनिंगहॅम बँकेतच रात्री झोपायला असे. तो काही दिवसांत पीतज्वराने मेला. डेव्हिसने चोरलेले पैसे बँकांत भरायला सुरुवात केली आणि त्यातली एक होती तीच बँक ऑफ पेनसिल्व्हेनिया! पकडल्यावर त्याने सगळं कबूल केलं, बहुतेक रक्कम परत केली आणि एक दिवसही तुरुंगात न जाता सुटला. लायनला मात्र त्यानंतरही अडकवून ठेवलं होतं.

त्याने पुढे दावा लावला, जिंकला, आणि अखेर ९,००० डॉलरवर तडजोड झाली. पाणी फवारणाऱ्या बंबांच्या धंद्यात त्याने चांगला पैसाही केला. म्हातारपणी त्याने जॉन नीगल या चित्रकाराकडून आपलं मोठं चित्र काढून घेतलं. भट्टीपाशी, चामड्याचा एप्रन, हातात हातोडा. सभ्य गृहस्थासारखं रंगवू नको असं बजावून. चित्रातल्या खिडकीतून त्या तुरुंगाचा मनोरा दिसतो.

आणि तो तुरुंग कुणी बांधला होता? याच हॉलच्या रॉबर्ट स्मिथने.

शिसवी

अंगावर काटा आला. हातात हुन्नर आहे म्हणून संशय, आणि ज्याला कबुलीजबाब द्यायला लागला तो मोकळा.

रोखठोक

लायनचा किस्सा वाचून बरं वाटलं, डेलावेअरकाठी. संस्थेबाहेरचा कारागीर एकटा पडला की काय होतं ते त्यात दिसतं.

कान्हेरी

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे कारागिरांच्या श्रेणी, म्हणजे एकाच धंद्यातल्यांचे संघ, दोन हजार वर्षांपूर्वी इतक्या भक्कम होत्या की राजघराण्यातले लोक त्यांच्याकडे ठेवी ठेवत. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने, आणि १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंना वस्त्रं द्यायची, दुसऱ्या ठेवीतून बाकीचा किरकोळ खर्च.

फिलाडेल्फियात बँक सुतारांच्या हॉलमध्ये भाड्याने राहिली. गोवर्धनात विणकरांची श्रेणी स्वतःच बँक होती. त्यांची सभेची जागा आज उरलेली नाही, पण दर कोरलेले आहेत, आणि ते सर्वांना वाचता येतील असे भिंतीवर!

पंढरपूर, आळंदी इथे ज्ञातींच्या धर्मशाळा आहेत. त्यातल्या कित्येक कारागीर समाजांनी वर्गणी काढून बांधल्या. माझ्या मते ताईंना हवं त्याच्या सर्वांत जवळचं तेच. मात्र त्या जातीच्या आहेत. धंदा आणि जात आपल्याकडे एकत्र बांधली गेल्यामुळे निव्वळ धंद्याचं सभागृह दुर्मिळ झालं असं मला वाटतं.

गुण्या

कान्हेरीदादा, आळंदीच्या तसल्या एका धर्मशाळेत आमचं वारीचं बिऱ्हाड असतं. तिथल्या तुळया पाहत झोप लागते. तुम्ही म्हणता ते बरोबर वाटतं.

पेठकर

आपली काँग्रेसही उसन्या जागेतच सुरू झाली. २८ डिसेंबर १८८५, मुंबईत गवालिया टँकला, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, ७२ प्रतिनिधी. आधी ठरलं होतं पुणं, पण तिथे पटकी पसरली म्हणून मुंबईला हलवावं लागलं.

टिंबटिंब

घ्या, पुणं आलंच.

रोखठोक

पहिला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. ग्रंथालयाचं कारण खरं आहे, पण राजकारण जास्त मोठं होतं.

स्टेट हाउसमध्ये पेनसिल्व्हेनियाची विधानसभा बसायची आणि तिचा अध्यक्ष होता जोसेफ गॅलोवे. ब्रिटनशी जमवून घ्यावं या मताचा. स्टेट हाउस देऊ करणारा तोच. तिथे बसलो असतो तर यजमान गॅलोवे झाला असता. प्रतिनिधी आधी सुतारांचा हॉल पाहायला गेले, जागा ठीक आहे म्हणाले, आणि तिथेच बसायचं ठरवून टाकलं. सचिव म्हणून निवडलं चार्ल्स थॉमसनला, जो गॅलोवेचा कट्टर विरोधक. कनेक्टिकटच्या सायलस डीनने बायकोला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटलंय की या निवडीने गावचे कारागीर आणि सामान्य नागरिक खूश झाले आणि गॅलोवेच्या गोटाला ती फार झोंबली.

म्हणजे मी आधी उस्तादांबद्दल जे लिहिलं ते कायम ठेवूनही हे मान्य करायला हवं की १७७४ मध्ये हातांनी काम करणाऱ्यांच्या जागेत बसणं याला गावात अर्थ होता. वसाहतींच्या सरकारी इमारती राजाच्या नावाने चालायच्या. सुतारांच्या हॉलला कुणाची परवानगी लागत नव्हती. मालकच हो म्हणाले की झालं.

काठावरची

रोखठोक, हेच ऐकायचं होतं. डीनचं पत्र मला माहीत नव्हतं. आणि १७९१ चा संप आता पाहुण्यांना आवर्जून सांगेन.

मालकीचा मुद्दा मला फार जवळचा आहे. ग्रंथालय, इस्पितळ, बँका, कस्टम हाउस, पुढे कित्येक वर्षं लिलावाचं दुकान, इतके भाडेकरू आले, पण कंपनीने इमारत विकली नाही. १८५७ मध्ये लिलाववाल्यांना काढून तिने हॉल नीट केला आणि लोकांसाठी खुला केला. सरकारने वारसा जपायचे कायदे करण्याच्या कितीतरी आधी! भोवतालचा परिसर आज राष्ट्रीय उद्यानात आहे, हॉलची मालकी मात्र अजून कार्पेंटर्स कंपनीकडेच. डिसेंबर २०२२ मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, तळघरात आग लागली. इमारत वाचली आणि जुलै २०२३ मध्ये पुन्हा उघडली. ज्यांनी बांधली त्यांच्याच संस्थेने अडीचशे वर्षांनी पुन्हा दुरुस्त केली, हे मला विलक्षण वाटतं.

शिसवी

ताई, मेमध्ये सासूबाई येताहेत. तिकीट लागतं का? जिने किती?

डेलावेअरकाठी

तिकीट नाही, प्रवेश मोफत. सोमवारी सहसा बंद असतो, निघण्याआधी वेळ पाहून घ्या. पाहण्यासारखं सगळं तळमजल्यावरच आहे, त्यामुळे आतल्या जिन्याची चिंता नको.

सासूबाईंना चालवत असेल तर रॉबर्ट स्मिथचा एक फेरा करा. हॉलपासून उत्तरेला क्राइस्ट चर्चचा मनोरा, दक्षिणेला पाइन स्ट्रीटवरचं सेंट पीटर्स चर्च, दोन्ही त्याचीच कामं. १७७५ पासून तो डेलावेअर नदीत ब्रिटिश जहाजं अडवायला पाण्याखाली लोखंडी टोकांच्या लाकडी चौकटी बसवत होता आणि त्याच धामधुमीत फेब्रुवारी १७७७ मध्ये वारला. न्यूजर्सीकडून येत असाल तर वाटेत प्रिन्स्टनचा नासाऊ हॉलही त्याचाच, आणि १७८३ मध्ये काही महिने काँग्रेस तिथेही भरली होती.